सोमवारपर्यंत एक देश

आमच्या गल्लीत पडदे नाहीत. खिडक्या भिंतीएवढ्या, काचा दर शनिवारी पुसलेल्या, आणि आत काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलंच पाहिजे. लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असा आमच्या या समुद्रकाठच्या फ्रीसलंड प्रांतातल्या सज्जन माणसांचा दावा असतो. आत बघायचं मात्र नाही. म्हणजे बघायचं, पण मान न वळवता. ही कला अंगी बाणायला एक पिढी जावी लागते. मी शेजारच्या प्रांतातून इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो त्याला उभं आयुष्य लोटलं, तरी माझी मान अजून जराशी वळतेच.

तेव्हा समोरच्या घरात वीत्स्के आणि रूर्ड या नवराबायकोने जगाचा नकाशा टांगला, तो त्यांच्यापुरता राहणार नव्हता हे उघड होतं. नकाशा माझाच. मी भूगोल शिकवायचो; निवृत्त झालो तेव्हा शाळेने मला फुलदाणी दिली आणि नकाशा मी न विचारता घेतला. त्यातले दोनतीन देश आता शिल्लक नाहीत. तसं मी रूर्डला सांगितलं होतं. तो म्हणाला, "हरकत नाही मास्तर, तेवढेच पर्याय कमी."

या दोघांना परदेशातून मूल दत्तक घ्यायचं होतं. सरकारी वर्ग झाले, घर तपासून झालं, मंजुरी मिळाली. आता फक्त देश सांगायचा होता, आणि एका वेळी एकाच देशाच्या रांगेत उभं राहता येत असे. येत्या सोमवारी सकाळी दत्तक देणाऱ्या संस्थेला नाव कळवायचं. नाही कळवलं तर त्यांची जागा पुढच्या जोडप्याला. वीत्स्के चाळिशीला टेकलेली. पुन्हा पहिल्यापासून रांग लावली असती तर नंबर येईपर्यंत तिला आजी म्हणूनच अर्ज करावा लागला असता.

रूर्ड पाणीखात्यात बांध तपासायचं काम करी. समुद्राच्या बांधाला कुठे भेग आहे का, उंदराने बीळ केलंय का, हे बघत रोज मैलोगणती चालायचा. असा माणूस देश निवडायला बसला की काय होतं? तो टाचण्या आणतो. हिरवी टाचणी म्हणजे शक्य, पिवळी म्हणजे शंका, लाल म्हणजे नाही. रोज जेवण झालं की तो टाचण्या हलवी आणि कुत्री फिरवायला निघालेली अख्खी गल्ली मान न वळवता तो निकाल वाचून घेई.

सकाळी हिल्केच्या पावाच्या दुकानात त्याचं वार्तापत्र निघायचं.

"काल इथिओपिया गेला म्हणे."

"गेला नाही हो, टाचणी पडली. वीत्स्के खाली वाकून शोधत होती, मी बघितलं. म्हणजे, दिसलं."

माझ्या शेजारच्या तेत्येबाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या, त्यामुळे सल्ला देणं हा त्यांना हक्कच वाटे. त्या म्हणाल्या, "मी तिला केव्हाच सांगितलंय, चीन घे."

"घे काय? फ्लॉवरचा गड्डा आहे का तो?" हिल्के म्हणाला. "आणि माझं विचाराल तर कोलंबिया नकोच. तिथे डोंगर आहेत. डोंगरातलं पोर इथे आणून चढवणार कशावर? आपल्याकडे सगळ्यात उंच जागा म्हणजे कालव्यावरचा पूल."

"तुझी दोन्ही पोरं इथलीच आहेत, ती तरी कुठे चढली?" तेत्येबाई म्हणाल्या, आणि पाव न घेताच निघाल्या.

भारताचं नाव निघालं की बोलणं मसाल्यांवर घसरायचं आणि भारत मागेच राहायचा. हैतीवर एक मत असं पडलं की पोराला इथली थंडी सोसायची नाही. ज्याने ते मत दिलं त्याला स्वतःलाच सोसत नव्हती.

असं करत करत नकाशावर दोनच हिरव्या टाचण्या उरल्या. एक कोलंबियावर. दुसऱ्या देशाचं नाव मी सांगत नाही; त्याची वकिलात आहे आणि मला शांत झोप लागते, ती तशीच लागावी अशी इच्छा आहे. गल्लीत त्याला 'लवकरचा देश' म्हणत. तिथून तान्हं मूल मिळे, आणि फार थांबावं लागत नसे. कोलंबियाचं उलटं. यांच्या वयाला तिथून चार-पाच वर्षांचं मूल मिळण्याची शक्यता, आणि ते आणायला जाऊन तिथेच काही आठवडे राहायचं.

शुक्रवारी दुपारी वीत्स्के माझ्याकडे आली. सकाळपासून तिने बाहेरच्या काचा दोनदा पुसल्या होत्या, तेही बारीक पाऊस पडत असताना. मी कॉफी ठेवली. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डब्याचं झाकण लावायचं, अशी पद्धत आहे. वीत्स्केने झाकण उघडून दुसरं बिस्किट घेतलं. न विचारता. इथे एवढ्यावर डॉक्टरला बोलावतात.

"मास्तर, तो बोलतच नाही."

"रूर्ड? तो कधी बोलतो?"

"पूर्वी बांधाबद्दल तरी बोलायचा. आता नुसता टाचणीकडे बघत उभा राहतो. मी म्हणते, लवकरचा देश सांगू या, तो म्हणतो हं. मी म्हणते, मग कोलंबिया सांगू या, तरी म्हणतो हं. हे काय उत्तर झालं?" ती उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. "आणि ही गल्ली! काल मी नुसती नकाशासमोरून स्वयंपाकघरात गेले, तर आज हिल्के विचारतो, 'आफ्रिकेकडे वळलात का?'"

"तुला स्वतःला काय हवंय?"

"तान्हं," ती म्हणाली. माझा प्रश्न संपायच्या आत. मग हळू आवाजात म्हणाली, "एकदा तरी कोणाला तरी अंगावर झोपवायचंय हो मला. चार वर्षांचं मूल दारातून चालत येईल. स्वतःच्या बुटांत."

 मी तिला तिसरं बिस्किट दिलं. तिने ते हातात धरलं आणि तशीच सायकलवर बसून बाजारात गेली. परतली तेव्हा मागे मोठं गाठोडं बांधलेलं होतं. त्या संध्याकाळी समोरच्या घराला पडदे लागले. जाड, काळपट निळे, छतापासून जमिनीपर्यंत.

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटायचं नाही. पण आमच्याकडे दिवसाउजेडी पडदा ओढलेलं घर म्हणजे घरात मयत. हा जुना रिवाज आहे. वीत्स्के याच गावातली, तिला तो माहीत हवा होता. पण शांतता हवीशी झालेल्या माणसाला रिवाज आठवत नाहीत. आणि रूर्डला विचारलं असेल तर तो 'हं' म्हणाला असेल.

शनिवारी सकाळी पडदे ओढलेलेच. नऊ वाजता तेत्येबाई माझ्या दारात.

"शाउक्ये गेली," त्या म्हणाल्या.

शाउक्ये ही रूर्डची आई. वय ऐंशीच्या पुढे, राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि गेल्या महिन्यात तिला खोकला झाला होता.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत ना! बिचारी. नातवंड बघायचं राहिलं."

शेजाऱ्यांनीही दुःखात आपले पडदे ओढावेत असा याच रिवाजाचा पुढचा भाग आहे. पण आमच्याकडे पडदे होते कुणाकडे? दहाच्या सुमाराला मी बाहेर बघितलं तर गल्लीभर खिडक्यांत मिळेल ते टांगलेलं. हिल्केने पिठाचं मोठं फडकं लावलं होतं. कोपऱ्यावरच्या घरात बदकांची चादर. तेत्येबाईंनी आंघोळीचे पंचे, रंग जुळवून. मीही टेबलावरचा कपडा लावला. त्यावर नाताळच्या मेणबत्त्या छापलेल्या होत्या, पण भावना प्रामाणिक होती.

मग आम्ही तिघं गेलो. तेत्येबाईंच्या हातात सूपचं पातेलं, हिल्केच्या हातात साखरेचा पाव. घंटी वाजवली. दार वीत्स्केने उघडलं. डोळे लाल, केस विस्कटलेले. आमच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही गेली.

"फार वाईट झालं," मी तिचा हात हातात घेऊन म्हणालो.

"तुम्हाला ऐकू आलं?" ती ओशाळली. "रात्रभर भांडलो आम्ही. पडदे लावले तरी आवाज बाहेर जातो का?"

"अशा वेळी भांडणं होतातच," तेत्येबाई म्हणाल्या. "मेंदूच चालत नाही. माझे वडील गेले तेव्हा आम्ही भावंडं शवपेटीच्या रंगावरून भांडलो होतो. सूप कुठे ठेवू?"

"शवपेटी? कोण गेलं?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली. काळा कोट, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, आणि कोट उडवत येणारी खुद्द शाउक्ये. तिला कोणीतरी फोन करून सांगितलं होतं की तुझ्या मुलाच्या गल्लीत सगळे पडदे ओढलेत. ती धापा टाकत उतरली.

"कोण गेलं रे?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हे काम शिक्षकाचं आहे असं बाकी दोघांनी ठरवलं.

"तुम्ही," मी म्हणालो.

शाउक्येने एकदा माझ्याकडे, एकदा पातेल्याकडे बघितलं. "सूप कसलं आहे?"

"मटारचं."

"मग आत चला. गार होईल."

रूर्ड टेबलाशी बसला होता. नकाशा उतरवून समोर पसरलेला. आई जिवंत असल्याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही, कारण ती गेल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वीत्स्के हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ते थांबेना. तेत्येबाईंनी जन्मात पहिल्यांदा सल्ला न देता तिला खुर्ची पुढे केली.

"आता बोला दोघं," शाउक्ये म्हणाली. "माझ्यासमोर बोलायला हरकत नाही, मी मेलेली आहे. देश ठरला का?"

"हं," रूर्ड म्हणाला.

"हं नको. तुझा बापही हं म्हणायचा, मी ऐकून घेतलं. ही घेणार नाही."

रूर्डने लवकरच्या देशाच्या टाचणीवर बोट ठेवलं. 

"मी संस्थेत फोन केला होता," तो म्हणाला. "लवकरच्या देशाबद्दल. विचारलं, या मुलांच्या आया कोण? त्यांनी स्वखुशीने दिली का? पुढे मूल मोठं झालं, शोधत गेलं, तर कोणी भेटेल का? ते म्हणाले, तिकडे हा प्रश्न विचारत नाहीत. विचारलं तर वेळ लागतो." त्याने बोट उचललं. "मी बांध तपासतो. या तुकड्याकडे बघू नका असं कोणी म्हणालं, तर मी आधी तिथेच जातो. पण हिला तान्हं हवंय. हिला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

शाउक्येने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मला माहीत होतं," वीत्स्के म्हणाली.

"काय?"

"मीही फोन केला होता. तुझ्या आधी. मार्चमध्ये. मलाही तेच उत्तर दिलं." ती कोणाकडेच बघत नव्हती. "आणि तरी मला तोच देश हवा होता, रूर्ड. अजूनही हवाय. मी म्हणायचे, कदाचित बाळाला जन्म देणारी ती बाई खरंच हयात नसेल. कदाचित कोणीच नसेल. रोज काचा पुसताना मी त्या बाईला थोडी थोडी पुसत होते. ती जातच नाही."

हिल्के उठला आणि उगाच पाव कापायला लागला. कोणाला भूक नव्हती. त्याने सगळा कापला.

"पाच वर्षांच्या पोराला अंगावर झोपवता येत नाही का?" शाउक्येने विचारलं. सहज, भाव विचारावा तसं. "मी याला सात वर्षांचा होईपर्यंत झोपवत होते. जड होता. सवय होते."

"आई!" रूर्ड म्हणाला.

"तू गप. मेलेल्या माणसाला मध्ये तोडू नये."

 वीत्स्के उठली, पडदे अर्धे सारले, पुन्हा लावले, आणि शेवटी खुर्चीवर चढून कड्यांसकट काढून टाकले. समोर सगळी गल्ली चादरी-पंचे लावून दुखवट्यात बसलेली. ते दृश्य बघून शाउक्ये म्हणाली, "इतका मान मला जिवंतपणी कोणी दिला नव्हता. राहू द्या दुपारपर्यंत."

रविवार कसा गेला ते मला माहीत नाही. म्हणजे दिसलं, पण कळलं नाही. दोघं घरभर फिरत होती. एक जिना चढला की दुसरं उतरायचं. नकाशा टेबलावरच होता.

सोमवारी सकाळी वीत्स्के म्हणाली, "मास्तर, या. नुसतं बसा." रूर्ड कामाला उशिरा जाणार होता, हेही आयुष्यात पहिल्यांदा. तिने नंबर फिरवला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे पलीकडची बाई स्पष्ट ऐकू येत होती.

"कोलंबिया," वीत्स्के म्हणाली.

"बरं. मुलाचं वय कितीपर्यंत चालेल?"

रूर्डने समोरून हाताचा पंजा दाखवला. पाच. वीत्स्केने त्या पंजाकडे बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "सहा."

रूर्डचा पंजा तसाच हवेत राहिला.

"सहा वर्षांपर्यंत," पलीकडची बाई म्हणाली. "तुमची खात्री आहे ना?"

"नाही," वीत्स्के म्हणाली. "तुम्ही लिहा."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. वीत्स्के उठली, बसली. रूर्डने तिच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हणून उचलला, पण ती पुन्हा उठली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तिकडच्या भाषेत 'भूक लागली का' कसं विचारतात?"

मी भूगोलाचा माणूस. त्या देशातल्या नद्या मला उगमापासून मुखापर्यंत म्हणता येतात. कॉफी कोणत्या उतारावर पिकते तेही सांगता येतं. यातलं काही तिने विचारलं नव्हतं. मी सांगितलं, मला येत नाही. ती कोट चढवत होती. ग्रंथालय दहाला उघडतं, आणि तेव्हा साडेनऊसुद्धा झाले नव्हते.