कलमाचं शेपूट

वकीलबाईंना सगळं शहर वकीलबाईच म्हणायचं. ताई म्हणणारा एकच, त्यांचा धाकटा भाऊ. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा छापखाना होता आणि तिथून तो साप्ताहिक काढायचा. वर बहीण कायद्याची पुस्तकं उपसायची, खाली भाऊ खिळे जुळवायचा, आणि जिन्यात गाठ पडली की दोघांची जुंपायची.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. राज्यघटना लिहिणाऱ्या समितीत बाईंकडे नागरिकांच्या हक्कांचं प्रकरण आलं. अटकेचं कलम त्यांनी जीव ओतून लिहिलं: कोणालाही पकडलं तर कारण सांगायचं, वकील द्यायचा आणि लगेच न्यायाधीशापुढे उभं करायचं. त्यांच्या वडिलांना परक्या सरकारने उचललं तेव्हा यातलं काहीच झालं नव्हतं. वडील परतले ते खंगून, आणि मग फार दिवस राहिले नाहीत.

समितीचे अध्यक्ष म्हणजे वडिलांचे तुरुंगातले सोबती. बाई त्यांना काका म्हणायच्या. मतदान तोंडावर आलं असताना काकांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं.

"पोरी, सरहद्दीकडचे सभासद अडून बसलेत. दंगल पेटली तर आमचे हात बांधलेले नकोत म्हणतात. एखादा अपवाद घाल, नाहीतर अख्खं प्रकरणच पडेल."

"काका, भिंत बांधता बांधताच खिंडार ठेवायचं?"

"अगं, आता सरकार आपलंच आहे. मी स्वतः कोठडीत कुजलोय, मी कोणाला डांबणार? आणि शब्द तूच निवड. तुझ्याइतकं नेमकं कोणाला जमतंय इथे?"

बाई दमल्या होत्या. शिवाय त्या शेवटच्या वाक्याने मनातून सुखावल्याही. तिथेच बसून त्यांनी कलमाला जोड दिली: 'देशाची सुरक्षितता धोक्यात असल्याचे सरकारने जाहीर केले असेल, तो काळ वगळून.' कुठेही न अडखळणारं, सुटसुटीत वाक्य.

भावाने ते वाचलं आणि पायरीवरच बसकण मारली.

"ताई, हे शेपूट काप."

"शेपटापायी गाय घालवू?"

"धोका आहे की नाही, ठरवणार कोण? सरकार. आवरायचं कोणाला? सरकारलाच. उद्या कुंपणानेच शेत खाल्लं तर?"

"तुला काय, जो तो चोरच दिसतो!"

प्रकरण मंजूर झालं. काकांनी भर सभागृहात बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. भावाने पहिल्या पानावर बहिणीचा फोटो छापला आणि आत अग्रलेखात त्या शेपटाला यथेच्छ झोडपलं.

पुढे काका गृहमंत्री झाले. बंदरातल्या कामगारांचा संप चिघळला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सरकारने देशाला धोका असल्याचं जाहीर केलं. कोणी मेलं नाही, असं सरकार सांगत होतं. भावाने मेलेल्यांची नावं छापली. भर दुपारी पोलीस आले आणि शाईने माखलेल्या हातांनिशी त्याला घेऊन गेले.

बाई काकांच्या बंगल्यावर धावल्या. काका भेटले नाहीत. 'कायद्यापुढे सगळे सारखे,' एवढा निरोप त्यांच्या चिटणिसाने बाहेर येऊन सांगितला.

मग बाई भावाच्या सुटकेचा अर्ज घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या. न्यायाधीश सज्जन होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, कलम तुमच्याच हातचं आहे. मला शिरता येईल एवढी तरी फट दाखवा. मी शिरतो."

बाईंनी शब्दन् शब्द उसवून पाहिला. शिवण पक्की होती. अर्ज फेटाळला गेला.

धोका संपल्याचं सरकारला दीड वर्षाने सुचलं. भाऊ सुटला तेव्हा त्याच्या छातीत कायमचा खोकला बसला होता, आणि सील लावलेल्या छापखान्यात यंत्र गंजून गेलं होतं. त्याने ते एकदा हाताने फिरवून पाहिलं, मग वर येऊन बहिणीसमोर बसला.

"माझ्यामुळे झालं रे," बाई म्हणाल्या.

"तू नसतं लिहिलंस तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. याहून गबाळं."

"म्हणजे तू रागावला नाहीस?"

"तेच तर! दुसरा कोणी असता तर त्याला मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. तुला कशा घालू?"

"घाल ना. बरं वाटेल मला."

तो हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. बाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

थोड्याच दिवसांत यंत्र भंगारात देऊन तो लांबच्या गावी शाळेत शिकवायला गेला. त्यानंतर त्याने एक ओळही छापली नाही. बाईंनी सभागृहात ते शेपूट काढून टाकायचा ठराव मांडला, पडला. पुन्हा मांडला, पुन्हा पडला. काका समोरच्या बाकावर मान खाली घालून बसून असायचे आणि मत विरोधात द्यायचे.

दुसऱ्यांदा हरल्यावर बाईंनी भावाला फोन लावला.

"अवघी मूठभर मतं पडली रे."

"बरं," तो म्हणाला. थोडा वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग त्याने विचारलं, "ताई, तुझ्या मागच्या खोलीचं छप्पर गळत होतं ना? केलंस का दुरुस्त?"

"केलं," बाई म्हणाल्या. आणि मग त्या बराच वेळ, कौलं कुठून आणली, गवंडी कसा होता, सगळं सांगत राहिल्या.