कोरडा कंगवा

गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा आणि आप्पांच्या तोंडात भलतंच काहीतरी. "मे लेवान्तो... मे लावो... मे पेइनो..."

"आप्पा, जप चाललाय की काय? आधी माझी मान सोडा, मग बसा माळ घेऊन."

"स्पॅनिश आहे रे बाबा. मी उठतो, तोंड धुतो, केस विंचरतो."

"मग आम्ही काय उठत नाही? आणि हे सांगायचंय कुणाला?"

आप्पांनी वस्तरा पुसला.

सांगायचं होतं नातीला. त्यांची एकुलती एक लेक लग्न करून समुद्रापलीकडे गेली. नात दोन वर्षांची असताना लेक तिकडेच आजारी पडली आणि तिकडेच देवाघरी गेली. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून पोर विहीणबाईंकडे वाढत होती. विहीणबाई मायाळू, पण त्यांना स्पॅनिशखेरीज दुसरं काही येत नव्हतं. आईने शिकवलेले चार मराठी शब्द पोरीच्या जिभेवरून केव्हाच पुसले गेले. रविवारी फोनच्या पडद्यावर ती दिसली की आप्पा "चिमणे, ए चिमणे" करत, आणि चिमणी आजीच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागे. शेवटी जावयाने आपल्या मोडक्या मराठीत निरोप धाडला, "बाबा, ती घाबरते. आणखी एक रविवार. मग थोडे दिवस फोन नको."

थोडे म्हणजे किती, हे विचारायचं धाडस आप्पांना झालं नाही.

स्पॅनिशच्या वर्गाला ते आधीपासूनच जात होते. बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी आप्पा त्यांना म्हणाले होते, "मला एकच वाक्य द्या. 'तुला आई आठवते का?' बाकीची भाषा तुम्हाला लखलाभ."

बाईंनी ते दिलं. "ते आकुएर्दास दे तु मामा?" मग हळूच म्हणाल्या, "पण आप्पा, अनोळखी माणसाने एकदम हेच विचारलं तर पोर काय बोलेल? मुलांना काय सांगता येतं? उठले, दात घासले, झोपले. आधी तेवढं शिका. आपलं आपण काही केलं की पुढे 'मे' लावायचं. म्हणा, मे आफेइतो. मी माझी दाढी करतो."

"बाई, जन्म गेला दुसऱ्यांच्या दाढ्या करण्यात. त्याचं सांगा की!"

"आज स्वतःची करा!" वर्गात खसखस पिकली.

तो शेवटचा रविवार उजाडला. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, म्हणून फोन रात्री. फोन पुसता पुसता बायको म्हणाली, "साऱ्या गल्लीच्या दाढ्या करता आणि स्वतःचे खुंट तसेच! पोर भिणार नाही तर काय?" आप्पा मुकाट्याने दाढी करून आले.

पडद्यावर नात आली, झोपायच्या कपड्यांत, आजीला बिलगून. ओठ वाकडे व्हायला लागलेच होते, तेवढ्यात आप्पांनी डोळे मिटले, मोठ्याने घोरले आणि दचकून उठून बसले. "मे लेवान्तो!"

पोरीने मान वर केली. "नो! मे आकुएस्तो," ती गंभीरपणे म्हणाली. मी झोपते, असं. तिची झोपायची वेळ आणि हा म्हातारा आत्ता उठतोय! आप्पांनी तोंड धुतल्याची नक्कल केली, कानात बोटं घालून घोळवली. "मे लावो." खुदकन आवाज आला. ती कुशीतून बाहेर आली. आप्पांनी कंगवा उचलून टकलावरून फिरवला. "मे पेइनो." आता ती खदखदून हसली आणि पळाली.

परत आली ती हातात कंगवा घेऊन. "मे पेइनो," तीही म्हणाली. आणि केसांना लावण्याआधी तिने तो डाव्या मनगटावर आपटला. टक, टक.

बायकोने आप्पांचा दंड घट्ट धरला.

ही सवय आप्पांची. ओला कंगवा मनगटावर झटकायचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेंब उडत नाहीत. लहानपणी दुकानातल्या खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसलेली त्यांची लेक बाहुलीचे केस असेच विंचरायची. पण नातीच्या कंगव्याला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता. कोरडा ठणठणीत होता तो.

"किएन?" आप्पांनी मनगट दाखवत कसंबसं विचारलं. कोणी?

"नादिये." पोरीने खांदे उडवले. "आसी से पेइना."

पाठ केलेलं ते वाक्य आप्पांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते तसंच आत घेतलं. स्वतःचा कंगवा मनगटावर आपटला. टक, टक. पलीकडून उत्तर आलं. टक, टक. विहीणबाईंनी डोळे टिपले आणि फोनजवळ येऊन म्हणाल्या, "दोमिंगो." वर्गातला पहिला धडा वारांचा होता. रविवारी.

फोन बंद झाला.

"काय म्हणाली हो?"

"कुणी नाही शिकवलं, म्हणते. केस असेच विंचरतात, म्हणते."

"म्हणजे तिला आपली..."

"नाही आठवत," आप्पा म्हणाले.

संसारभर बायको या टकटकीवर करवादत आली होती, घरात कसली गिऱ्हाइकं म्हणून. आता तिने स्टूल ओढलं, त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि केस मोकळे सोडले.

"विंचरा," ती म्हणाली. "आणि आधी आपटा तो."