कढईत फुलं

मी एक जुनी पितळी कढई आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू गोडगोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर आज तो समज सोडा. मी चिडलेली आहे.

नाशिकच्या तांबटांनी मला ठोकून घडवलं आणि निवृत्ती गुरुजींनी मला पंचवटीतल्या आपल्या घरी आणलं. पेठ-सुरगाण्याची मुलं त्यांच्याकडे राहून कॉलेजात जायची. फी गुरुजी भरायचे आणि त्यांच्या पत्नी कुसाबाई माझ्यात मुगाची खिचडी शिजवायच्या. तळाच्या खरवडीसाठी पोरांची भांडणं व्हायची. दर दिवाळीआधी मला आतून कथलाची कल्हई व्हायची, कारण कल्हईशिवाय पितळेत अन्न कळकतं, खाण्याजोगं राहत नाही. केवढा थाट होता माझा!

गुरुजी गेले. त्यांच्या मुलाने, शेखरने, त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. चांगलंच केलं, ते मी नाकारत नाही. पण त्याने मला आतून-बाहेरून घासून लखलखीत करवलं आणि समारंभाच्या हॉलच्या दारात मांडलं. पोटात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. मी शोभेची झाले!

दोन हजार सहा सालची गोष्ट. शिष्यवृत्ती घ्यायला आलेल्या मुलांमध्ये सुरगाण्याहून पहिल्या एसटीने आलेली सरिता नावाची मुलगी होती. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता, आणि ते आल्याशिवाय नाश्त्याची पाकिटं उघडायची नाहीत असा शेखरचा हुकूम होता. दुपार झाली. सरिता माझ्या कडीला धरून मटकन खाली बसली.

कुसाबाई धावल्या. "कधी जेवलीस गं पोरी?"

"काल रातीला, आजी."

कुसाबाईंनी मला उचलून पालथं केलं. पाणी आणि फुलं थेट शेखरच्या बुटांवर.

"आई, पाहुणे येतील आता!"

"येऊ दे! तुझ्या बापाच्या कढईत फुलं, अन् पोरं उपाशी? आण डाळ-तांदूळ!"

मी आनंदले. पण त्यांचा हात माझ्या पोटावरून फिरला आणि थांबला.

"हिची कल्हई कुठं गेली रे?"

"चमकत नव्हती म्हणून काढून टाकली, आई."

शेवटी मुलांना नाश्त्याची पाकिटंच फोडून दिली गेली. भुकेली पोर समोर होती आणि मी, तिच्यासाठीच घडवलेली, काही कामाची नव्हते. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही.

कुसाबाईंनी मला हॉलच्या पायरीवर पालथं घातलं आणि शेखरला बजावलं, "हिला कल्हई लावून आण. तोवर तुझ्या बापाचं नाव घेऊन कुणाला हार घालायचा नाय."

मित्रांनो, थोरांची आठवण ठेवायची हौस तुम्हालाही असेल. मग त्यांच्या आमच्यासारख्या भांड्यांवर फुलं वाहू नका. आम्हाला कल्हई करा आणि चुलीवर चढवा. पोरं जेवणाची वाट पाहतायत.