स्वावलंबी शैलाताईंचं अपील

चूक माझीच, हे आधीच सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वी झटका आला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून यंदा पुन्हा तपासणीला बोलावलं, तर मी बया ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून गेले. डॉक्टरांपुढे काय रडायचं? त्यांनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? म्हटलं, मीच. जिना? दोन मजले एकटी चढते, लिफ्टसुद्धा नाही आमच्याकडे. डॉक्टर "वा!" म्हणाले आणि छत्तीस टक्के लिहून मोकळे झाले.

चाळीसच्या खाली गेलं की महिन्याची मदत बंद. त्या मदतीवर माझं सिल्व्हर पार्कमधल्या खोलीचं भाडं निघायचं. महाडहून भाऊ फोनवर म्हणाला, "पुरे झालं, ये आता इकडे." भाऊ चांगला आहे हो, पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. अपिलाला नव्वद दिवस होते, त्यातले पंच्याऐंशी मी फुगून बसण्यात घालवले. शेवटी कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी समजावलं, "मावशी, शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज द्या. सोबत शेजाऱ्यांचं लेखी जोडा. तुम्हाला रोज काय जमत नाही आणि ते कोण करतं, एवढंच."

शेजारी म्हणजे दोघं. समोरची मृणालिनी, बँकेत आहे, आणि वरच्या मजल्यावरचे दशरथकाका, पोस्टातून रिटायर झालेले. दोघंही लगेच हो म्हणाली. गुरुवारी दोघं कागद घेऊन माझ्या खोलीत आली आणि ते वाचून माझं डोकंच फिरलं. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'शैला ही अत्यंत स्वावलंबी व कणखर महिला आहे.' मृणालिनीची त्यावर कडी. 'शैलाताई कुणाचीही मदत न घेता सर्व कामे स्वतः करतात.'

"अगं ए," मी ओरडले, "हे अपील आहे की माझा सत्कार?"

"ताई, पण बरं दिसतं का ते?" मृणालिनी म्हणाली. "मी हे करते, मी ते करते, असं कसं लिहायचं?"

"मग माझी वेणी रोज कोण घालतं? निऱ्या कोण काढतं? ऑफिसला जायच्या आधी माझी कणीक कोण मळून जातं, माझी आजी?"

"त्यात काय एवढं!"

"तेवढंच लिही ना मग!"

पाच वर्षांत मी तिला एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मान्य करावं लागलं असतं ना! ती करायची आणि मी दुसरीकडे बघायची, असं आमचं चाललं होतं. तिनं डोळे पुसले आणि नवीन कागद घेतला.

काका मात्र पेन हातात घेऊन नुसतेच बसले.

"काका, पाण्याचं लिहा. सकाळी पाणी आलं की माझा ड्रम तुम्हीच भरता."

"ते लिहितो. पण सगळंच खरं लिहू का? रागावशील तू."

"लिहा हो, आता काय राहिलंय!"

त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'तीन वर्षांपूर्वी शैला जिन्यात पडली. तेव्हापासून ती संध्याकाळी फिरून येते त्या वेळी मी खाली थांबतो व ती चढू लागली की दोन पायऱ्या मागून चढतो. तोल गेल्यास धरता यावे म्हणून. तिला हे माहीत नाही.'

काकांना रोज नेमकं त्याच वेळी दूध आणायचं कसं असतं, याचं मला हसू यायचं. म्हाताऱ्याला उद्योग नाही, असं मी भावाला सांगितलंसुद्धा होतं. आणि डॉक्टरांना काय सांगून आले, तर एकटी चढते! मला रडू आवरेना.

"सांगायचं तरी, काका."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

शुक्रवारी मृणालिनीनं हाफ डे टाकला आणि मला रिक्षानं घेऊन गेली. चार चाळीसला अर्जावर शिक्का पडला. पुढे दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. तेव्हा मी साध्या साडीत गेले आणि विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. सेहेचाळीस टक्के आले. मदत चालू झाली. भावाला कळवलं, येत नाही रे बाबा, पोह्यांचे पापड तेवढे पाठव. देवाचे आभार मानले, पण त्याच्या आधी या दोघांचे मानले, तोंडानं, मोठ्यानं.

माझ्या मनात राहिलाय तो मात्र शुक्रवारच. अर्ज देऊन आम्ही परतलो, तर काका जिन्याखाली उभे. मी पायरीशी आले तसे ते सवयीनं बाजूला होऊन मागे सरकले.

"मागे नको," मी म्हटलं. "माझ्याबरोबर चला."

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही चढू लागलो. पहिल्या वळणावर बघते तर त्यांना धाप लागलेली, गुडघा चोळत होते.

"थांबायचं का जरा?" मी विचारलं.

"थांबू या," काका कठड्याला टेकत म्हणाले. "मागून येताना कधी म्हणता आलं नाही."