एका चटईवर दोन बंदुका

नेकदार उस्तादाचा बंदुका दुरुस्त करायच्या धंद्यातला एकच नियम होता: एका चटईवर एकच बंदूक. दर्रा गावच्या बंदुकांच्या बाजारात चाळीस वर्षं त्याने तो इतक्यांना ऐकवला होता, की शेजारचे कारागीर त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचे. हा नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही नेमका जावयाच्या जिवाचा प्रश्न होता तेव्हा.

जावई वलायत. त्याच्या घराचं आणि मीरबाजच्या घराचं पाण्याच्या पाटावरून वैर होतं. दोन्हीकडची मिळून पाच माणसं गेली होती. शेवटचा गेला तो मीरबाजचा थोरला मुलगा, म्हणजे आता पाळी वलायतची. सहा महिन्यांपूर्वी जिरग्याच्या, म्हणजे जमातीच्या पंचायतीच्या, पंचांनी तहाचा धोंडा ठेवला, तो उचलेपर्यंत कुणी कुणावर गोळी झाडायची नाही, आणि दोन्ही घरांची एकेक जुनी थ्री-नॉट-थ्री तारण म्हणून घेतली. बंदुका गावच्या मुखियाच्या, मलिक साहिबजानच्या, पेटीत गेल्या, त्यांचे बोल्ट नेकदारच्या कपाटात. बोल्टवाचून बंदूक म्हणजे नुसता सोटा. वलायतचा सासरा असूनही नेकदारच्या नावाला मीरबाजने हरकत घेतली नाही, इतकी त्या म्हाताऱ्याची पत होती.

पण तीच पत आतून पोखरली जात होती. वर्षभरापासून उस्तादाच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा चढत होता. माणूस दिसायचा, त्याचं तोंड दिसायचं नाही. तो बोटांवर काम निभावायचा आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प राहायचा. एकट्या लेकीला, जरमीनाला, कळलं होतं, कारण एकदा तिने पेला पुढे केला आणि बापाने चहा तिच्या हातावर ओतला.

तह पक्का करायचा शुक्रवार ठरला, तसे त्याने आदल्या दिवशी दोन्ही बोल्ट तेलपाण्याला काढले. दुकानाच्या दारात ऊन तासभरच यायचं, आणि त्या उन्हातच त्याला थोडंफार दिसायचं. म्हणून दोन्ही एकदमच एका चटईवर उघडले. बोल्टच्या टोकाला आट्यांवर बसणारी एक लहान मुंडी असते. मीरबाजच्यासारख्या झिजल्या बंदुकीला लांब मुंडी, वलायतच्यासारख्या धडक्या बंदुकीला आखूड, फरक केसाएवढा. मुंडीवरचा आकडा तिळाहून बारीक. त्याने तो नखाने चाचपला आणि मुंड्या बसवून टाकल्या.

शुक्रवारी नमाजानंतर मलिकच्या बैठकीसमोरच्या अंगणात दोन्ही घरं समोरासमोर बसली. कडेला मेंढा शिजत होता. रिवाज असा, की दोघांनी एकेक गोळी आभाळात सोडायची, मग एका ताटात जेवायचं.

नेकदारने आधी मीरबाजची बंदूक जोडून दिली. मग वलायतची हातात घेतली, काडतूस घालून बोल्ट पुढे लोटला. बोल्टची मूठ खाली उतरेना. दोन बोटं अंतरावर अडून बसली.

नेकदारला लगेच कळलं. हिच्यात लांब मुंडी आहे. म्हणजे आखूड मुंडी मीरबाजच्या झिजल्या बंदुकीत गेली. तिथे काडतुसाला मागून टेका नाही. ते फुटणार आणि आग डोळ्यांवर येणार.

"काय उस्ताद, अडली का?" मलिक हसला.

"थंडीनं जड झालीय," नेकदार म्हणाला.

एक शब्द पुरला असता. चुकलो, मला दिसत नाही. पण साठ माणसांसमोर तो शब्द जिभेवर येईना. तोवर मीरबाज बंदूक घेऊन उठला.

"थांब मीरबाज! पहिली गोळी उस्तादाची. आपल्या बाजाराचा कायदा आहे," नेकदार म्हणाला.

"घे बाबा, घे," मीरबाज म्हणाला. "म्हाताऱ्याची हौस फिटू दे."

जुनी बंदूक आहे, एखादी गोळी सोसेल, मग साफ करायच्या निमित्ताने घरी नेऊन मुंड्या बदलू, असा त्याने हिशेब केला होता. त्याने मीरबाजची बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला. काडतूस मागून फाटलं आणि पितळ, धूर, आग सगळं तोंडावर आलं.

तो पडला तेव्हा चारी बाजूंनी बंदुकांचे घोडे ओढल्याचे आवाज त्याने ऐकले.

"कुणी हलू नका!" तो रक्ताने भरल्या तोंडाने ओरडला. "माझी चूक! मुंड्यांची अदलाबदल झाली. मला दिसत नाही, वर्षापासून दिसत नाही!"

"आता कसं दिसेल?" मीरबाज म्हणाला. "डोळे तर आत्ता फुटले."

"अरे, माझ्या लेकीला विचारा."

"वलायतच्या बायकोला? वा! मलिक, ऐकलंस? जावयासाठी यानं माझी बंदूक बिघडवली. मी मरणार होतो."

"मग मी स्वतः कशाला उडवली असती?"

"ऐन वेळी हातपाय गळाले तुझे. एवढीच तुझी माणुसकी."

तासाभरापूर्वी मलिकने दोन बोटं दाखवून किती विचारलं असतं, तर सगळ्यांना खरं कळलं असतं. आता त्याच्या आधीच्या आंधळेपणाला साक्षीदार उरला नव्हता. मलिकने वाकून तहाचा धोंडा उचलला. सूर्य मावळेपर्यंत प्रत्येकाने आपापल्या घरी पोचावं, म्हणाला. मेंढा तसाच चुलीवर राहिला.

वलायतच्या घरी जरमीनाने बापाचे डोळे धुतले. वलायतने घराच्या बुरुजाचं दार आतून लावलं आणि येऊन सासऱ्यासमोर बसला.

"कधीपासून दिसत नाही, काका?"

"गेल्या ईदपासून."

"आणि सांगावंसं वाटलं नाही?"

"आंधळ्याला बंदूक कोण देतो रे?"

वलायतने आपली बंदूक म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. "घरात लांब पल्ल्याची एवढीच आहे. सकाळपर्यंत मूठ खाली उतरली पाहिजे."

नेकदारने धार लावायचा तेलाचा दगड मागितला. बोल्ट काढला, ती लांब मुंडी फिरवून हातात घेतली आणि तिचं तोंड दगडावर घासू लागला. दहा हात घासायचं, पुसायचं, बसवून काडतूस घालून बघायचं, पुन्हा काढायचं. चटईवर आज एकच बंदूक होती. कुठेच घाई नव्हती आणि बोटं एकदाही चुकली नाहीत. अखेर मूठ लोण्यातून जावी तशी खाली उतरली.

"घे," तो म्हणाला, आणि बंदूक जावयाच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली. ती जरमीनाने घेतली, आणि नवऱ्याच्या हातात दिली.