उत्तम कानांचा नमुना

नव्वदीच्या अखेरीस दिल्लीत सगळेच बोलायला लागले होते. पेजर जाऊन मोबाईल आले. नोएडात आणि गुडगावात काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांत बसून मुलं पाळीपाळीने अमेरिकेशी बोलू लागली. ऐकायचं कुणी, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता. मैत्री गजभियेला पडला होता असंही नाही. तिला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, म्हणून ती वाचा आणि श्रवण शास्त्राच्या पदवीला गेली. तिचे वडील राजाराम एका मंत्रालयात नोकरीला होते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की ते "मेडिकल लाइन" म्हणत आणि फाइल उघडत.

दुसऱ्या वर्षी मैत्रीला हे शास्त्र आवडू लागलं. घरात ही गोष्ट काळजीची मानली गेली.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला विद्यार्थ्याने आपला पेशंट स्वतः आणायचा, असा नियम होता. पेशंटची श्रवणशक्ती कमी असली पाहिजे, ती किती कमी आहे हे परीक्षकांसमोर मोजायचं, आणि मग पेशंटला समजावून सांगायचं. मैत्रीने पानिपतचे एक विणकर ठरवले होते. यंत्रमागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, म्हणजे पेशंट अगदी पुस्तकातला. परीक्षेच्या सकाळी हायवेवर चक्का जाम झाला आणि विणकर पानिपतातच राहिले. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

मैत्रीने पीसीओवरून ऑफिसात फोन लावला. "बाबा, कमी ऐकू येणारा कुणीतरी घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

"सोवनीसाहेब आहेत की."

"ते येतील?"

"ते माझ्यावर सोड."

दीनानाथ सोवनी हे राजारामचे निवृत्त साहेब. मुक्काम मयूर विहार, सोसायटीचे अध्यक्ष. आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते लोकच हल्ली पुटपुटत. अर्थव्यवस्था खुली झाली आणि माणसांची तोंडं बंद झाली, असा त्यांचा सिद्धान्त होता. सोसायटीच्या सभेत ते कुणाला बोलूच देत नसत, त्यामुळे न ऐकण्याची वेळ सहसा येत नसे.

राजारामनी त्यांना रिक्षात घालून आणलं. येताना काय सांगितलं, ते मैत्रीला दारातच कळलं.

"हं, बोल मुली," साहेब गरजले. "उत्तम कानांचा नमुना हवाय म्हणे तुमच्या कॉलेजला!"

मैत्रीने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं.

परीक्षक डॉ. भटनागर बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. मुलांना नापास करताना त्या आवाज चढवत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. साहेबांना आवाजबंद खोलीत बसवण्यात आलं. तिथली खुर्ची चोरीला जाऊ नये म्हणून बांधकाम खात्याने जमिनीला ठोकली होती, आणि ठोकताना तिचं तोंड काचेकडे ठेवलं होतं. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी मैत्री बसली. हेडफोनमध्ये सूर ऐकू आला की साहेबांनी बोट वर करायचं.

साहेबांनी एकही सूर सोडला नाही. जाड, बारीक, अगदी मुंगीच्या पावलाचा, प्रत्येक सुराला बोट वर. आलेख निघाला तो वीस वर्षांच्या पोराचा.

"नॉर्मल," डॉ. भटनागर हळू आवाजात म्हणाल्या. "मिस गजभिये, हे पेशंट कसे? ये तो मुझसे अच्छा सुनते हैं." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

कोपऱ्यात राजाराम अपराधी चेहऱ्याने उभे होते. डॉ. भटनागर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आपण बाहेर बसा." पंख्याच्या आवाजात ते त्यांना नीट ऐकू आलं नसावं. पण बाईंच्या भुवया हलताच त्यांनी लगेच मान डोलावली. "येस मॅडम, बिल्कुल मॅडम." आणि ते होते तिथेच उभे राहिले.

मैत्री वडिलांकडे बघतच राहिली.

"मॅडम, एक मिनिट." तिने हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवला, काचेतून साहेबांकडे पाहिलं आणि भुवया किंचित उचलल्या. सूर वगैरे काही दिला नाही.

साहेबांचं बोट वर.

डॉ. भटनागर पुढे सरकल्या आणि त्यांनी स्वतः मान जराशी हलवून पाहिली. बोट वर. त्या नुसत्या खोकल्या. साहेबांनी दोन बोटं वर केली.

सेवेची सगळी वर्षं या माणसाने वरिष्ठांचे शब्द ऐकले नव्हते, चेहरा वाचला होता. ते काम त्यांना उत्तम येत होतं. त्यावर त्यांना बढत्याही मिळाल्या होत्या.

मैत्रीने कपाट उघडलं. बोट वर करण्याऐवजी दाबायचं बटण खरेदी झाल्यापासून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. दाबलं की तिच्या यंत्रावर दिवा लागणार. ते साहेबांच्या हातात देऊन ती बाहेर आली आणि तिने ओढणी काढून काचेवर पसरली.

"माय, ओढणी कायले..." राजारामच्या तोंडून अमरावती बाहेर पडली.

"बाबा, शांत."

सूर गेला. दिवा नाही. मोठा सूर गेला. दिवा नाही. मैत्री सूर चढवत गेली, आणि बऱ्याच वेळाने दिवा लागला. जाड सूर बरे लागत होते, बारीक सुरांपाशी मात्र रेघ डोंगरावरून उतरावी तशी खाली गेली. विणकरांची रेघही याहून बरी आली असती.

"कैसे पकड़ा?" डॉ. भटनागरांनी विचारलं.

"मॅडम, मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेय."

डॉ. भटनागर हसल्या नाहीत. त्यांचे वडीलही सरकारी होते. "ठीक. आता पेशंटला सांगा. समोर बसून."

हा भाग पुस्तकात दीड पानाचा होता. राजाराम लेकीच्या कानाशी लागले. "नको गं. साहेब आहेत ते."

मैत्रीने साहेबांना बाहेर आणून बसवलं आणि ती समोर खुर्ची ओढून बसली. "काका, तुमचे कान उत्तम नाहीत. डोळे उत्तम आहेत. कानांचं अर्धं काम तेच करतात, म्हणून संध्याकाळी तुम्ही थकता. खरं ना?"

साहेबांचं तोंड उघडलं. काही वेळ त्यातून काहीच आलं नाही. सोसायटीत हे कुणी पाहिलं असतं तर सुट्टी जाहीर झाली असती.

"थकतो," ते म्हणाले. "घरी हिच्याशी बोलताना तर फार. तिला वाटतं मला कंटाळा येतो."

मैत्रीने चाचणीसाठी ठेवलेलं श्रवणयंत्र त्यांच्या कानामागे बसवलं, आवाज जुळवला आणि ती बाजूला झाली.

मागे राजाराम भिंतीला पुटपुटले, "आता काही खरं नाही. चिडणार."

"चिडलेलो नाही, राजाराम," साहेब मागे न वळता म्हणाले. "आणि तू उभा का? बस की."

राजारामनी मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी राजाराम आलाय का ते. मग ते बसले.

परीक्षेत गुण सांगायचे नसतात. डॉ. भटनागरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, थर्मास उघडला आणि आपल्या कपाशेजारी दुसरा कप ठेवला. "बैठो, डॉक्टर," त्या मैत्रीला म्हणाल्या. बारावीला मेडिकल हुकल्यापासून तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. चहा फिका होता. मैत्री तो सगळा प्यायली.

बाहेर व्हरांड्यात दोघं पाठमोरे उभे होते. मैत्री त्यांच्या मागे थांबली आणि मुद्दाम हळू, अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाली, "पास."

राजारामना ऐकू आलं नाही.

"पास झाली रे!" साहेब व्हरांडा हादरवत ओरडले. "राजाराम, बहिरा आहेस का? पोरगी पास झाली!"

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून राजाराम रडले आणि बाकड्यांवरचे पेशंट त्यांना पाणी देऊ लागले. तेवढ्यात प्रयोगशाळेतला अटेंडंट धावत आला. "साहब, मशीन! चाचणीचं आहे ते, परत द्यावं लागतं."

साहेबांनी त्याच्याकडे अत्यंत प्रेमाने पाहिलं.

"साहब, मशीन!"

"जरा मोठ्याने बोला बुवा," साहेब म्हणाले आणि रिक्षाकडे चालू लागले.