खालचा वास

पुष्पाला दिवस राहिले आणि सगळ्यांत आधी तिचं नाक बिघडलं. डोहाळे लागतात, चिंचा-बोरं खावीशी वाटतात, असं तिने ऐकलं होतं. हिला काही खावंसंच वाटेना. भाताचा वास नको, नवऱ्याच्या, म्हणजे मनिषच्या, शर्टाला येणारा कंपनीतल्या रंगाचा वास नको, सासूच्या डोक्याचं तेल नको. पुढे पुढे तर पाण्यालाही वास यायला लागला. पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकवतात, पण शिकवणाऱ्या गुरुजींना कधी तिसरा महिना लागलेला नसतो. घोटभर पाणी आत गेलं की दोन घोट बाहेर. सासू बारकी म्हणाली, "मलापण झालेलं. सकाळचं व्हायचं." पुष्पाला सकाळी व्हायचं, दुपारी व्हायचं आणि झोपेतून उठवून व्हायचं.

त्यात काम अंगणवाडीतल्या मदतनिसाचं, म्हणजे रोज पाड्यातल्या पोरांची खिचडी शिजवायची. तलासरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. तिथल्या अंगणवाडीत सेविका रोशनीताई आणि मदतनीस पुष्पा, तिसरं माणूस नाही, त्यामुळे सुटी मागायची सोय नाही. फोडणी बसली की पुष्पा लिंबाचा पाला चुरगळून पदरात धरायची, पदर नाकाशी दाबायची आणि दुसऱ्या हाताने ढवळायची. डाळ करपली तर करपू दे, आपण मागच्या दाराने वेळेत बाहेर पडलो म्हणजे झालं, एवढंच तिचं लक्ष. पोरांना त्याची भारी गंमत. "बाय ओकते, बाय ओकते" करत सगळी वरात तिच्या मागे.

आणि त्या भागात जमीन हलते, हे काही नवीन नाही. थंडी पडली की जास्त हलते. आधी कुठेतरी खोल गुडगुड होते, मग धक्का. सुरुवातीला सगळा पाडा ताडपत्रीखाली झोपला, दवात भिजला, लहान पोरांच्या छात्या भरल्या, आणि मग माणसं कंटाळली. बाहेर झोपून आजारी पडायचं की आत झोपून भिंतीखाली जायचं, हा प्रश्न घराघरांत दर संध्याकाळी. कुडाची घरं डोलतात आणि उभी राहतात. सरकारी घरकुलं विटांची, त्यांना डोलता येत नाही. अंगणवाडीही विटांचीच.

पौषातल्या एका सकाळी पुष्पा खिचडीत मीठ टाकत होती, तेव्हा तिला एक नवाच वास आला. चुलीचा नाही, पोरांचा नाही. नवी बोअर मारताना पहिला गाळ वर येतो, तसा ओल्या लोखंडाचा, आणि त्यात दगड कुजल्यासारखं काहीतरी. दगड कुजत नाही हे तिलाही कळत होतं, पण वास तसाच होता आणि तो फरशीतून वर येत होता. तिच्या पोटात असा पीळ पडला की ती पदर सोडून धावली. मागोमाग पोरं, पोरांच्या मागे हाका मारत रोशनीताई. पुष्पा आंब्याखाली वाकली, पोरं गोल करून उभी राहिली, आणि पायांखालची जमीन घोंगडी झटकावी तशी हलली.

धूळ बसल्यावर रोशनीताईने आत डोकावून पाहिलं. भांड्यांचा लोखंडी रॅक आडवा पडला होता. खाली पोरांच्या बसायच्या पट्ट्या होत्या, त्यांवर पाट्या, आणि एका पाटीचा चुरा झाला होता. रोशनीताई बाहेर आली आणि सगळ्यांदेखत पुष्पाच्या पाया पडली. पुष्पाला फार लाज वाटली, कारण तिने काहीच केलं नव्हतं. ती फक्त ओकली होती.

तसंच पुन्हा झालं, आणि पुन्हा. दरवेळी आधी तो वास, मग पुष्पा वाकणार, मग जमीन. पाड्याला एवढं पुरे झालं. आता कुणाला रोज दवात झोपायला नको. पुष्पा बरी असली की सगळे आत, पुष्पा वाकली की सगळे बाहेर. पण पुष्पा तर दिवसभर वाकत होती, मग ओळखायचं कसं? ते काम बारकीने अंगावर घेतलं. सून ओकली की ती विचारायची, "साधं का खालचं?" पुष्पाने मानेनेच "साधं" म्हटलं की बारकी बाहेर येऊन हात हलवायची, आणि अंगणात जमलेली माणसं परत जायची. पाड्याच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये संध्याकाळ झाली की एकच प्रश्न फिरायचा, "पुष्पा ओकली का?" कैनाडला सासरी असलेल्या पाड्यातल्या पोरीही तिथून विचारायच्या. पुढारी म्हणवणारी, भूतखेत मानत नाही म्हणून सांगणारी माणसंसुद्धा जाता-येता तिच्या दाराशी थांबायची आणि तब्येतीची फारच काळजी असल्यासारखी उभी राहायची.

बारकी एकदा तिचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "धरतरीलापण दिवस गेलेत गो. तुमची दोघींची नाळ एक झाली." ती हे प्रेमाने म्हणाली. पुष्पाच्या मानेवर मात्र काटा आला.

लोक आणून द्यायचे, त्याला तोटा नव्हता. कुणी अंडी, कुणी खेकडे, कुणी डहाणूच्या वाडीत मजुरीला गेलेला पिकलेले चिकू. त्या एकेका वासाने पुष्पाचा जीव जायचा. पण वासापेक्षा तिला त्या माणसांच्या बसण्याची भीती वाटायला लागली. ती अंगणात यायची, बसायची आणि बोलायची नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत राहायची. अंगणवाडीतली पोरंही आता हसत नव्हती. खिचडी पुढ्यात घेऊन ओळीने बसायची आणि पुष्पाने आवंढा गिळला की सगळ्यांचे हात थांबायचे.

पुष्पाच्या गालांची हाडं वर आली. लघवी चहासारखी व्हायला लागली. नर्स शितल पाड्यावर आली तेव्हा तिने पुष्पाच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि ती तशीच उभी राहिलेली पाहून तिचा चेहरा उतरला. "ह्याला नेहमीची उलटी म्हणत नाहीत," ती बारकीला म्हणाली. "आजार आहे हा. ह्या गोळ्या द्या, नाही थांबलं तर भरती करायचं. बाळ कशावर वाढणार?" बारकीने गोळ्या घेतल्या, "हो हो" म्हणाली आणि डब्यात ठेवून दिल्या. ती वाईट बाई नव्हती. त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं, गारठा मरणाचा होता, आणि पाड्यात तान्ही पोरं होती. आजचा दिवस जाऊ दे, असं ती म्हणाली. तसं ती रोजच म्हणायला लागली.

शेवटी मनिषनेच डबा उघडून गोळ्या पुष्पाच्या हातावर ठेवल्या. दुपारपर्यंत तिच्या पोटातला पीळ सुटला. किती दिवसांनी तिने भाकरी मोडली, सुकटाची चटणी घेतली आणि पायरीवर उन्हात बसून खाल्ली. शेजारची पुतळी म्हातारी काठी टेकत चालली होती. पुष्पावर लेकीसारखी माया करणारी बाई. पुष्पाला जेवताना बघून तिचं तोंड उजळलं. "खा बाय, पोटभर खा," म्हणाली आणि निर्धास्तपणे आपल्या घरकुलात जाऊन आडवी झाली.

त्या दुपारी पुष्पाला कसलाच वास आला नाही. गाढ झोपेतून तिला धक्क्यानेच उठवलं. पुतळीच्या घराची आतली भिंत अर्धी खाली आली होती, आणि पुतळीचा पाय तिच्याखाली होता.

पुष्पाला कुणी बोललं नाही. एकानेही नाही. पुतळीसुद्धा पाय प्लास्टरमध्ये घालून आली ती तिला म्हणाली, "तुझा काय दोष?" कुणी शिव्या दिल्या असत्या तर पुष्पाला बरं वाटलं असतं. संध्याकाळी माणसं नेहमीसारखी येऊन अंगणात बसली आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागली. पुष्पा उठली, उरलेल्या गोळ्या आणल्या आणि स्वतःच्या हाताने बारकीला देऊन टाकल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. अंगणवाडीच्या उंबऱ्यात ती कोसळली. रोशनीताईने शितलला फोन केला, शितलने ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी आली तोवर सगळा पाडा जमला होता. कुणी रस्ता अडवला असं म्हणता येणार नाही. ती सगळी फक्त उभी होती, आणि गाडीला वळायला जागा नव्हती. रोशनीताई खाली मान घालून म्हणाली, "एवढी थंडी सरू दिली असती तर." बारकीने गाडीच्या दाराची कडी धरली होती. मनिष ड्युटी टाकून आला, तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आई, सोड. माझं पोर हाय." बारकीने कडी सोडली. मग माणसंही सरकली, पण सावकाश, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही.

डहाणूच्या दवाखान्यात पुष्पाला वरच्या मजल्यावर खाट मिळाली. सलाइन चढलं, सुईतून औषध गेलं. डॉक्टरणीने पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. पुष्पा ते ऐकत असताना कुणीही तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं, आणि त्याचंच तिला रडू आलं. दोन दिवसांत ती उठून बसली. चहात बुडवलेलं बिस्कीट पोटात राहिलं. मनिषने ते बिस्कीट राहिल्याची बातमी शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगितली आणि दिवे लागायच्या वेळेला तो खाली जेवणाचं बघायला गेला.

तेव्हा तो वास आला.

पोट शांत होतं. पीळ नाही, तोंडाला पाणी नाही. पण ओलं लोखंड आणि कुजलेला दगड, अगदी नाकाशी. पुष्पा वाकून फरशी हुंगायला गेली, फरशीला फिनेलचा वास होता. तिने मोबाईल घेतला. ह्या वेळेला पाड्यात सगळी शेकोटीभोवती नाही तर ताटावर, पोरं आत.

"आई, बाहेर निघा. सगळ्यांना काढा."

"ओकलीस?" बारकीने विचारलं.

"नाय. वास येतोय."

पलीकडे कुजबुज झाली. बारकी परत आली. "बाय, तुला औषध चढवलंय. त्याचाच आसंल. बाहेर लय गारठा हाय, पोरं खोकतात. ओकली नायस ना तू?"

"आई, मी सांगते ना."

"ओकलीस तर सांग," बारकी समजुतीने म्हणाली.

इतके दिवस अख्खा पाडा तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिच्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं. ओकारीवर विश्वास होता त्यांचा, तिच्यावर कुठे होता? तिला संताप आला. पण पुतळी घरात होती, पाय प्लास्टरमध्ये. पुष्पाने मोबाईल तोंडाजवळ धरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं घशात घातली आणि इतक्या दिवसांनी पोटात राहिलेलं अन्न स्वतःहून बाहेर काढलं. मोठ्याने, ऐकू जाईल असं.

"खालचं," ती म्हणाली.

पलीकडे एकदम पळापळ झाली. भांडी पडली, पोरं रडायला लागली, "पुतळीला उचला" असं कुणीतरी ओरडलं. मग सगळी बाहेर आली, आवाज मोकळा झाला. मग मोबाईलमधून ती गुडगुड ऐकू आली. ती थांबली, आणि जरा वेळाने पुष्पाच्या डोक्यावरची सलाइनची बाटली हलकेच डोलायला लागली.

"समदी बाहेर हाव," बारकी धापा टाकत म्हणाली. "पुतळीचं घर बसलं. माणूस नाय गेलं." आणि मग अगदी मायेने, "बाय, उद्या येशील ना घरी?"

तिच्यामागे पोरं रडायची थांबली होती. सगळा पाडा उत्तर ऐकायला गप्प झाला होता, हे पुष्पाला इथे बसून कळत होतं. फरशी पुसायला आलेल्या मावशीने विचारलं, "परत सुरू झालं का गं?" पुष्पाने मान हलवून नाही म्हटलं. वास अजून गेला नव्हता. तिने हात हुंगले, उशी हुंगली. मग तिने तळवा पोटावर ठेवला, आत काहीतरी पहिल्यांदाच वळलं, आणि वास दाट होऊन तिच्या बोटांतून वर आला. तो फरशीतून कधी येतच नव्हता. वास बाळाला येत होता, पुष्पा नुसती त्याच्यामुळे वाकत होती.

तिच्या डोळ्यांसमोर अंगण आलं. त्यात बसलेली माणसं, आणि मधे पायरीवर एक लहान पोर, भाकरी हातात धरून बसलेलं. सगळी त्याच्या तोंडाकडे बघणारी.

"आई," ती म्हणाली, "वास गेला. ह्या धक्क्याबरोबर गेला. आता मला काय बी कळत नाय. सगळ्यांना सांग, रोज बाहेरच झोपा."

बोलताना तिला पुतळीचा पाय आठवत होता, आणि पोरांच्या छात्या. तिला स्वतःची शरम वाटली. तरी तिने शब्द मागे घेतला नाही. बारकीने विचारलं, "खरं सांगतेस?"

"खरं," पुष्पा म्हणाली आणि पोटावरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने फोन बंद केला.